वर्षाच्या डब्यातले सुके मटण

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत हिलाल आप्पांच्या घरी गव्हाला बंदी होऊन वर्ष उलटत आले होते. तरीही सून पुन्हा अंथरुणाला खिळली, तेव्हा घरातली दोन माणसे दोन निरनिराळ्या प्रश्नांनी अस्वस्थ झाली. आप्पांना प्रश्न पडला, हे आले कुठून? आणि त्यांच्या पत्नीला, शोभाबाईंना, प्रश्न पडला, हिने खाल्ले कुठे?

सून म्हणजे वर्षा. लग्न होऊन अमळनेरहून सुरतेला आली ती पोटाचे दुखणे घेऊनच. जुलाब, अशक्तपणा, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. बरेच दवाखाने झाल्यावर एका डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा तपासायला पाठवला आणि निदान सांगितले. गव्हात जो चिकट अंश असतो, ज्यामुळे कणीक ताणली जाते, तो ग्लुटेन नावाचा अंश हिच्या आतड्याला चालत नाही. १९९६ साली हे दुखणे गल्लीत कोणी ऐकलेही नव्हते. डॉक्टरांनी बजावले होते, "चिमूटभरही नको. काहींना थोडेफार सोसते, हिला अजिबात सोसणार नाही."

शोभाबाईंनी ते शब्दशः घेतले. खान्देशातल्या घराला ज्वारी-बाजरीचे काय कौतुक! चपात्या बंद झाल्या, भाकरी सुरू झाली. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू जात्याच्या दगडाला चिकटलेला असतो, हे आप्पांनी सांगताच त्यांनी माळ्यावरचे जाते खाली काढले आणि ज्वारी घरी दळायला घेतली. साठीला आलेल्या बाईने रोज जाते ओढावे, एवढे करून सुनेने पुन्हा पोट धरून बसावे, ही गोष्ट त्यांच्या जिव्हारी लागली.

"मी आठे जात्यावर दळस, आनि हाई तठे चलथाणले पाव खास," त्या मुलाला, चेतनला, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

चलथाणला, साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या बालवाडीत वर्षा शिकवायला जाई. सकाळी बस, दुपारी तिथेच डबा, संध्याकाळी परत. त्या नोकरीवर तिचा फार जीव होता. कारखान्यातल्या कामगारांची पोरे तिला 'वर्षाटीचर' म्हणत आणि सुट्टीच्या दिवशीही तिच्या तोंडी त्यांच्याच गोष्टी असत.

चेतन लूमच्या खात्यावर, म्हणजे मागांच्या कारखान्यात, कामाला होता. आई आणि बायको यांच्या मधोमध उभे राहायचे कसे, हे त्याला अद्याप जमले नव्हते. तो म्हणाला, "आई, ते सॉसेज असतील. मीच आणले होते नानपुऱ्यातून."

हा धागा आप्पांना पटला. त्यांनी धुळ्याला तंत्रनिकेतनात कापडशास्त्राची पदविका घेतली होती आणि सुरतेच्या एका प्रोसेस हाउसमध्ये, कोरे कापड धुऊन रंगवण्याच्या कारखान्यात, सुपरवायझर म्हणून हयात घालवली होती. कापडावर डाग पडला, की कोण चुकले हे विचारण्याआधी डाग कशाचा आहे हे शोधायचे, ही त्यांची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. घरातले सगळे तपासून झाले होते. बाहेरून येणारी वस्तू म्हणजे चिकन सॉसेजचे पाकीट. भाकरीबरोबर डब्यात नेता येते, नासत नाही, म्हणून चेतन ते कौतुकाने आणत असे.

वर्षाला बरे वाटताच आप्पा तिला घेऊन नानपुऱ्यात केरसी शेठच्या दुकानी गेले. केरसी शेठ हे उंच, वाकलेले पारशी गृहस्थ. त्यांच्या बर्फाच्या कपाटाचा कॉम्प्रेसर आप्पांनी एकदा ठीक करून दिला होता, तेव्हापासूनची ओळख.

"आवो हिलालभाई! बहू को भी लाये? आज क्या, अंडे?"

"आज प्रश्न आणले आहेत," आप्पा म्हणाले. "या सॉसेजमध्ये मांसाशिवाय काय असतं?"

"मसाला, चरबी, मीठ," केरसी शेठ बोटांवर मोजत म्हणाले, "ने ब्रेडनो भूको. ए तो नाखे ज ने! एना वगर बंधाय केम?"

वर्षाने आप्पांकडे पाहिले. ब्रेडचा भुगा! पाकिटावर त्याचे नावही नव्हते, 'बाइंडर' एवढाच शब्द छापलेला होता.

आप्पांनी खिशातून एक तपकिरी बाटली काढली. मेडिकलमधून आणलेले टिंक्चर आयोडिन होते ते, पाणी घालून पातळ केलेले. सॉसेजची एक चकती कागदावर ठेवून त्यांनी वर थेंब सोडला. पिवळसर तपकिरी थेंब पाहता पाहता निळाकाळा झाला.

"जादू!" केरसी शेठ काउंटरवर ओणवे झाले.

"जादू नाही. जिथे पीठ तिथे निळा. कापडाची खळ निघाली की नाही हे आम्ही असंच बघतो. गव्हाचं पीठ की मक्याचं हे मात्र याला कळत नाही. पीठ आहे, एवढंच कळतं."

मग ते खेळच झाले. केरसी शेठनी हौसेने एकेक वस्तू पुढे केली. सलामी निळी झाली. चिकन रोल निळा झाला. मिठात मुरवून धुरावलेल्या अख्ख्या मांडीची एक चकती होती, तिच्यावर थेंब तपकिरीच राहिला. फक्त एका कडेला निळसर ओरखडा उमटला. आप्पांनी तो भिंगातून पाहिला, मग शेठच्या सुरीकडे पाहिले.

"याच सुरीने सलामी कापली ना?"

"तमे तो पोलीस छो!" केरसी शेठ खो खो हसले आणि सुरी धुवायला आत गेले.

परतताना रिक्षात वर्षा पुष्कळ दिवसांनी मोकळेपणाने बोलली. "म्हणजे आप्पा, जे दळून, मिसळून बांधलेलं असतं त्याला भ्यायचं. अख्खा तुकडा, नुसतं मीठ आणि ऊन किंवा धूर, ते खायचं. आणि सुरी आपली."

"शाबास. टीचर शोभतेस."

"मग आईंचं सुकं मटण सगळ्यात चांगलं. त्यात दुसरं काही नसतंच."

आप्पांनी मान डोलावली. शोभाबाईंचे वाळवलेले मटण साऱ्या नातेवाइकांत नावाजलेले होते. बोकडाच्या मांसाच्या लांब पातळ पट्ट्या काढायच्या, मीठ-हळद चोळायची, कापडात घट्ट गुंडाळून वर पाटा ठेवायचा. पाणी निथळले, की गच्चीवर तारेला टांगून कडक वाळवायचे. विस्तवावर भाजून कुटले, की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नसे.

सॉसेज बंद झाले. वर्षाच्या डब्यात रोज भाकरी आणि सुके मटण जाऊ लागले. आणि ती पूर्वीपेक्षा जास्त आजारी पडली.

आता शोभाबाईंच्या मनात शंका उरली नाही. "दुकाननं बंद. घरमा गहू नई. मंग आलं कोठून?" त्या आप्पांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "आयकी ल्या. आते परत पोट बिघडनं ना, त चलथाण बंद. घरमा ऱ्हाई, मन्या डोयासमोर खाई, तधळच बरी व्हई."

चेतनने डबा उचलला आणि तो कामावर निघून गेला. वर्षाने ते अंथरुणावरून पाहिले.

दुपारी शोभाबाई शेजारी गेल्या असता ती भिंतीला टेकत आप्पांच्या खुर्चीपाशी आली. "आप्पा, मी खात नाही. देवाशपथ नाही. पोरांच्या वाढदिवसाला पेढा देतात, तो पण मी पदराला बांधून आणते आणि रस्त्यात गाईला देते. नोकरी गेली तर जाईल, पण मी चोरून खाल्लं म्हणून गेली, हे नाही सहन होणार."

आप्पांनी तिच्याकडे पाहिले. तिच्यावर विश्वास ठेवणे सोपे होते. पण नुसता विश्वास शोभाबाईंच्या पुढे ठेवता येणार नव्हता.

"तू आडवी हो," ते म्हणाले. "मला जरा डोकं चालवू दे."

दुकानचे बंद करूनही दुखणे वाढले. मग जे वाढले त्याच्यामुळे तर वाढले नसेल? डब्यात काय वाढले? हा विचार त्यांच्या मनात आला आणि ते आपल्याच घरात चोरासारखे इकडेतिकडे पाहू लागले. शोभाबाईंच्या हातच्या पदार्थावर आयोडिनचा थेंब टाकणे म्हणजे काय, हे त्यांना संसाराच्या अनुभवाने ठाऊक होते.

तरी बरणीतून एक पट्टी त्यांनी काढलीच. थेंब टाकला. ती काळीनिळी झाली.

आप्पांच्यातला सुपरवायझर जागा झाला. मांसात पीठ नसते. मिठात नसते. राहिली हळद. त्यांनी डब्यातली चिमूटभर हळद कागदावर घेतली, थेंब टाकला, आणि तीही काळवंडली. हळद म्हणजे शेवटी कंदच. तिच्यात तिचे स्वतःचे पीठ असणारच. मग घरी कुटलेल्या हळकुंडाची पूड पाहिली, तीही तशीच. म्हणजे या पट्टीवरून काहीच सिद्ध होत नव्हते. हळदीचा निळा दुसरा कुठला निळा असेल तर त्याला झाकून टाकत होता.

संध्याकाळी ते शोभाबाईंना म्हणाले, "या वेळी थोडं मटण बिनहळदीचं वाळवशील?"

"कसाले?"

"डॉक्टर म्हणाले, हळद उष्ण पडते," आप्पांनी थाप मारली.

"डॉक्टरले काय कयस मटणमधलं," असे पुटपुटत त्यांनी दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. थोड्या बिनहळदीच्या ठेवल्या. चेतनला हाक मारली. "कापड आनलं का रे, नवं?"

चेतनने पिशवीतून खात्यातल्या सुती मागावरचा मांजरपाटाचा तुकडा काढून दिला, कोरा, कडक, घडी मोडताना करकर वाजणारा. आजारी माणसाच्या अन्नाला वापरलेले, कुणाच्या अंगाखांद्यावरचे कापड लावायचे नाही, दर वेळी कोरे घ्यायचे, हा शोभाबाईंचा नियम होता. पूर्वी घरच्यांसाठी मटण करताना त्या जुन्या धोतरात गुंडाळत. वर्षाचे दुखणे कळल्यापासून त्यांनी धोतर वर्ज्य केले होते.

पाटा ठेवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाबाई पट्ट्या सोडवू लागल्या, तेव्हा आप्पा शेजारी वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी सहज मान वर केली. शोभाबाईंच्या हातातून कापड लोंबत होते, ओल्या फडक्यासारखे लुळे.

काल हे ताठ होते. उभे केले असते तर उभे राहिले असते. मग तो ताठपणा कुठे गेला?

आप्पांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. हा प्रश्न त्यांनी हयातभर रोज विचारला होता. प्रोसेस हाउसमध्ये कोरे कापड आले, की पहिले काम तेच असे, ताठपणा काढणे. कापड ओले केले की खळ सुटते आणि पाण्यात उतरते. इथे पाणी नव्हते. इथे मटण होते.

शोभाबाई तारेवर पट्ट्या टांगायला गच्चीवर गेल्या. एक बिनहळदीची पट्टी आप्पांनी मागे ठेवून घेतली. ताटलीत पसरली, ड्रॉपरने थेंब थेंब सोडत गेले आणि भिंग लावले.

पट्टीवर निळ्या रेघा उगवल्या. अतिशय बारीक, एकमेकींना लागून, सरळ. जणू कुणी दातेरी फणी फिरवली असावी. कापडाची वीण मांसावर छापली गेली होती, पण अर्धीच. रेघा एकाच दिशेने होत्या, त्यांना छेदणारी एकही आडवी रेघ नव्हती. आप्पांनी ताटली फिरवून पाहिली, खिडकीच्या उजेडात नेऊन पाहिली. मग सुरीने पट्टी मधोमध चिरून आतल्या भागावर थेंब टाकला. तिथे तो तपकिरीच राहिला.

त्यांना मनापासून हसू आले. मागावर आडवा धागा धोट्यातून जातो, त्याला खळ लागत नाही. उभ्या धाग्याला मात्र ताण सोसावा लागतो, तो सारखा घासला जातो. तुटू नये म्हणून त्यालाच खळीत बुडवतात. मटणावर उमटलेल्या त्या रेघा साऱ्याच्या साऱ्या उभ्या धाग्याच्या होत्या. एवढा स्वच्छ पुरावा त्यांनी नोकरीतही पाहिला नव्हता.

आता एकच गाठ राहिली होती. खळ कशाची, हे आयोडिन सांगत नाही. आप्पा चपला घालून रस्त्यापलीकडच्या सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या, शेडमध्ये गेले. चेतनच्या मागांना सूत तिथूनच येत असे. कढईवर बन्सीलाल उभा होता, उघडा, घामाने निथळणारा, दांड्याने घाटा ढवळत.

"राम राम आप्पा. पुन्हा नोकरीला लागले का काय?"

"या वयात कोण ठेवतो! बन्सी, खळीत काय घालतोस?"

"मका. आता मका कडाडला, म्हणून शेठ अर्धा मैदा घालायला सांगतात." त्याने कोपऱ्यातल्या गोण्यांकडे हनुवटीने दाखवले. "किडका, भेसळीचा, बाजारात न चालणारा. धाग्याला काय, चव थोडीच लागते?"

"कधीपासून?"

"मागच्या पावसाळ्यापासून. का, कापडाची तक्रार आली?"

"आली खरी," आप्पा म्हणाले. "पण तुझ्या शेठपर्यंत नाही यायची ती."

घराकडे ते जवळजवळ धावत आले. जिना चढताना "शोभा, अगं शोभा" अशी हाक त्यांच्या ओठांवर आली आणि तिथेच थांबली. हे सांगायचे कुणाला आहे, याचे भान त्यांना अर्ध्या जिन्यात आले. जी बाई रोज जाते ओढते, जिने सुनेसाठी जुने फडके नको म्हणून कोरे कापड मागवले, तिला सांगायचे, की दुखणे तुझ्या हातून जात होते. वर्षाला निर्दोष ठरवायचे तर या बाईला बोलल्याशिवाय इलाज नव्हता. ते वर गेले.

शोभाबाई खाली बसून लसूण सोलत होत्या. आप्पांनी ताटली आणि भिंग त्यांच्यापुढे ठेवले.

"हाई काय शे?"

"बघ तर आधी."

त्यांनी भिंग डोळ्याशी नेले. तरुणपणी त्यांनी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या. सूत त्यांना नवे नव्हते. "रेघा दिसतस. निळ्या."

"ज्याला पीठ लागलंय तेवढंच निळं होतं. तुझ्या कोऱ्या कापडाची खळ आहे ती. बन्सी तिच्यात मैदा घालतो, आत्ता विचारून आलो."

शोभाबाईंनी भिंग खाली ठेवले नाही. आप्पांना वाटले, आता रडतील, नाहीतर चिडतील. शोभाबाईंनी विचारले, "तुम्ही मन्या मटणवर औषध टाकं?"

"टाकलं."

"मले न इचारता?"

"न विचारता."

"आनि हळद उष्ण पडस म्हनत व्हतात ते?"

"थाप होती."

"वाटनंच मले." त्यांनी लसणाची पाकळी सोलून वाटीत टाकली. "हाई समदं तुमनं म्हननं. बाटली काय बी बोलस. पोट काय सांगस ते दखू."

हे त्यांचे म्हणणे आप्पांना शास्त्राच्या दृष्टीने बिनतोड वाटले. रंग दिसला म्हणजे दुखण्याचे कारण तेच, असे ठरत नाही. कारण काढून घेतल्यावर दुखणे जाते का, हे पाहावेच लागते.

गच्चीवरचे सगळे मटण शोभाबाईंनी स्वतः उतरवले आणि मागच्या घरी देऊन टाकले. बरणी उकळत्या पाण्याने धुतली. कोरे कापड उकळून, पिळून, पुन्हा उकळून पाहिले, तरी आप्पांच्या थेंबाला ते निळे होत राहिले. मग त्यांनी पेटी उघडून आपले एक जुने सुती लुगडे काढले. धुऊन धुऊन विरलेले, बोटांत धरले तर पलीकडचे दिसावे असे. आप्पांनी त्याच्यावर थेंब टाकला, तो तपकिरी राहिला.

"नेसलेलं शे," शोभाबाई संकोचाने म्हणाल्या. "तिले चाली का?"

दारातून वर्षा म्हणाली, "आई, तुमचंच आहे ना? मग न चालायला काय झालं?"

त्या लुगड्याच्या तुकड्यात नवे मटण मुरले, वाळले आणि डब्यात गेले. वर्षा चलथाणला जात राहिली. पहिले काही दिवस शोभाबाई संध्याकाळी तिचा चेहरा निरखत, काही न विचारता. आठवडे गेले. वर्षाच्या चालण्यात जोर आला. एकदा ती जिना धावत चढली, आणि स्वयंपाकघरात शोभाबाईंचा हात क्षणभर थबकला, हे आप्पांनी पाहिले. नखांना लाली आली, चोळ्या घट्ट होऊ लागल्या. त्या महिन्यात पोट धरून बसावे लागले नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चेतन एके दिवशी आईसमोर, बायकोच्या बाजूला बसून म्हणाला, "ती खोटं बोलत नव्हती, आई. मी तेव्हाच बोलायला हवं होतं." शोभाबाईंनी वर्षाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

दुसऱ्या दिवशी वर्षा बसला निघाली, तर शोभाबाई नेसून तयार उभ्या.

"कुठे?" आप्पांनी विचारले.

"चलथाणले. हिन्यासंगे."

"तिथे काय काम?"

शोभाबाईंनी पदर सारखा केला. नजर जमिनीवर. "बालवाडीमा ती तारा शे ना, पानी भरनारी. आपल्या गावनी, शोंदाड्यानी शे. हाई परत आजारी पडनी, तधळ तिले मी सांगेल व्हतं, हिना डबावर नजर ठेव, काय खास ते मले सांग. आते जाईसन सांगनं पडी, नको ठेवू म्हनून. असं निरोपवर धाडता येत नई ते."

वर्षा हसू दाबत होती.

"आई, मला माहीत होतं. तारामावशी रोज माझा डबा उघडून वास घ्यायच्या. एकदा मीच त्यांना मटणाचा तुकडा दिला, म्हटलं, नुसता वास काय घेता, खाऊन बघा!"

"मंग?" शोभाबाईंनी मान वर केली. "काय म्हने?"

"म्हणे, तुझ्या सासूच्या हाताला चव आहे."

"हा, ते त शेच," शोभाबाई म्हणाल्या आणि सुनेच्या हातातली डब्याची पिशवी आपल्या हातात घेऊन जिना उतरू लागल्या. "चाल, बस निंघी जाई."